येसकराची काठी आणि बेबीताईंची वही

(हुपरीच्या आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोन-चार ठिकाणी वाक्य सरळ केलं, तेवढंच.)



मला भाषण करता येत नाही. मी मुंबईच्या गोदीत जहाजातला माल उतरवणारा ठेक्यावरचा माणूस. दहावी पास. आमच्या पाळीतले म्हातारे अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मॅट्रिक झालेला गडी पाठीवर ओझं का उचलतो म्हणून हसतात. कविता करतो. कविता म्हणजे रातपाळीला क्रेन थांबली की पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो ते. त्यातल्या दोन-तीन या अंकातून छापून आल्या, म्हणून पोरांनी मला गावाकडं बोलावलं आणि विषय दिला: अमेरिकेतली काळी बाई चळवळीत कशी आली?

विषय देणारं पोरगं एकोणीस वर्षांचं. त्यानं मोबाईलवर मूठ आवळलेल्या काळ्या बाईचा फोटो बघितला आणि पेटलं. बरं झालं. पेटायलाच पाहिजे. पण मी विषय थोडा वाकडा करणाराय. अमेरिकेला जाईन, पण फलटणवरनं जाईन. सरळ विमानात बसलो तर मधलं सगळं राहून जातं, आणि मधलंच आपलं आहे.

अमेरिकेचं नाव घ्यायला आपल्याला लाजायचं कारण न्हाई. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण कुणाला केली? काळ्या गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली तिकडच्या डु बॉईस यांना पत्र घातलं. हे काळ्या लोकांचे मोठे विचारवंत. काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रसंघात अर्ज गेलाय, त्याची प्रत धाडा, असं त्यात मागितलं. म्हणजे बापजाद्यांपासून ही देवघेव चाललीय. आणि १९६६ साली तिकडं ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर निघाली, तिचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. नाव आणलं, आग आणली. एक गोष्ट मात्र बोटीत चढवायची राहिली. तिकडं १९७४ ते १९७७ त्या पार्टीची अध्यक्ष एक बाई होती, एलेन ब्राऊन. आपल्या पँथरच्या पुढाऱ्यांची नावं मला झोपेतनं उठवून विचारा. ढसाळ, ढाले, पवार, डांगळे, घडाघडा सांगतो. आता पुढाऱ्यांतल्या एका बाईचं नाव सांगा.

बघा, शांतता झाली. घाबरू नका, मलाही आलं नव्हतं.

मला हा प्रश्न घातला तो गोदीतल्या एका म्हाताऱ्यानं. रिटायर झालेला, पँथरच्या मोर्च्यात डोकं फोडून घेतलेला. त्यानं मला एक पुस्तक दिलं. कव्हर गेलेलं, पानांना चहाचे डाग. म्हणाला, कविता करतोस ना, मग आधी ही बाई वाच. पुस्तक होतं 'जिणं आमुचं'. बाई, बेबीताई कांबळे.

बेबीताई १९२९ साली वीरगावला आजोळी जन्मली. आज्जा गोऱ्या साहेबांकडं बटलर होता, त्यामुळं घरात चार पैसे यायचे. बाप, पंढरीनाथ मिस्त्री, ठेकेदार. हाताचा सढळ, वस्तीतल्यांना कामं देणारा माणूस. पण तोच माणूस बायकोला घरात कोंडून ठेवायचा. बेबीताईनं हे लपवलेलं न्हाई. बापाचं दातृत्व पण सांगितलंय आणि आईचा पिंजरा पण सांगितलाय. आपल्यातल्या किती जणांनी आपल्या बापावर असं लिहिलंय? आम्ही कवी बापावर कविता करतो तेव्हा बाप घामात भिजलेला असतो, त्याच्या हातात कुदळ असते. त्याच हाताचा वळ आईच्या गालावर असतो तो कवितेत येत न्हाई, यमकात बसत न्हाई म्हणून.

पुस्तकात एक जागा आहे, तिथं मी थांबलो, आणि हुपरीचा माणूस म्हणून थांबलो. ती येसकराच्या काठीची जागा. ज्या महाराची येसकराची पाळी, त्यानं गावाची सगळी वेठ करायची, निरोप न्यायचे, रात्रंदिवस राबायचं, आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागून आणायची. त्याच्या हातात जाड काठी. त्या काठीला घुंगरं. घुंगरं कशाला? तर येसकर आलाय हे आतल्यांना कळावं, शिळंपाकं बाहेर यावं आणि विटाळ लांब राहावा. आणि महारवाड्यात त्या काठीचा मान केवढा! ज्याच्या घरी काठी, त्याच्या घरी रुबाब. गुलामीच्या काठीला आपण राजदंड समजलो, हे बेबीताई हसत सांगते आणि वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं.

आता या हुपरीत घुंगरू म्हटल्यावर कुणाला काय सांगायचं! आख्ख्या देशातल्या पोरींच्या पायातलं पैंजण इथनं जातं. आपल्या वस्तीतल्या बाया अंधारात डोळे फोडून कड्या जुळवतात, घुंगरू बसवतात, किलोवर मजुरी घेतात. माझ्या आईनं बसवलेली घुंगरं कुठल्या कुठल्या लग्नात वाजली असतील, तिच्या स्वतःच्या पायात मात्र कधी न्हाई. मी लहानपणी त्या आवाजात झोपायचो. पुस्तक वाचल्यापासून तो आवाज मला सरळ ऐकू येत न्हाई. चांदीचा असला तरी मधेच काठीचा वाटतो.

तर बेबीताई. फलटणच्या शाळेत गेली. वर्गात बामणांच्या पोरी, आणि महाराच्या पोरी बाजूला. रोज शिव्या, रोज भांडण. या पोरी काही गप्प बसणाऱ्या न्हवत्या, त्या पण तोंड चालवायच्या, हात चालवायच्या. चळवळ म्हणतात ती तिथंच सुरू झाली, असं मला वाटतं. शिक्षण चौथीपर्यंत. तेराव्या वर्षी लग्न, नवरा कोंडिबा कांबळे. दहा बाळंतपणं, त्यातली तीन पोरं गेली. नवऱ्याला काम न्हाई. मग बेबीताईनं डोकं लढवलं. सुटी द्राक्षं विकायला घेतली, मग भाजी, मग किराणा. घराच्या पुढं छोटं दुकान.

आता इथं कान द्या, माझ्या मते सगळा विषय इथं आहे. दुकानात माल बांधायला रद्दी यायची. बाई गल्ल्यावर बसायची आणि पुडी बांधायच्या आधी कागद वाचायची. मिरची बांधायचा कागद, गूळ बांधायचा कागद. बातमी अर्धी असायची, पुढचा अर्धा दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेला. मग वाचनालयातनं पुस्तकं आणायला लागली. आणि मग गिऱ्हाईक नसलेल्या वेळात वहीत लिहायला लागली. कुणाला दाखवून? कुणालाच न्हाई. घरातल्या अडगळीत, नवऱ्याचा हात जाणार न्हाई अशा जागी ती वही लपवायची. एक वर्ष न्हाई, दोन न्हाई. वीस वर्षं.

वीस वर्षं वही लपवणाऱ्या बाईला आपण भित्री म्हणणार काय? मी एक पावती खिशात लपवतो तर मुकादमाची नजर पडते म्हणून छाती धडधडते.

पुढं फलटणमध्ये राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या ध्यानात ही वही आली. अमेरिकेतनं येऊन इथं राहिलेल्या, शिक्षणाचं काम करणाऱ्या बाई. त्यांनी मागं लागून छापायला लावलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकात क्रमानं आलं, १९८६ साली पुस्तक झालं. २००८ मध्ये माया पंडित यांनी इंग्रजीत नेलं आणि मग जगभरचे लोक फलटणच्या किराणा दुकानाबद्दल बोलायला लागले. आम्हाला मात्र इथं पत्ता नव्हता.

पण तिला पेटवलं कुणी? ते तिनं स्वच्छ लिहिलंय. बाबासाहेबांनी. जेजुरीच्या यात्रेत बाबासाहेब येऊन बोलले. पोरं शाळेत घाला, मेलेलं जनावर ओढू नका, देवापुढं डोकं आपटून काय मिळालं ते बघा, असं सांगितलं. ते वस्तीत आलं आणि घराघरात वाद लागला. म्हातारे म्हणाले, वाडवडलांचं कसं सोडायचं? आणि बाया पुढं झाल्या. ज्यांच्या पोटची पोरं उपाशी मरत होती त्यांना हिशेब लवकर कळला. हे बेबीताई पुनःपुन्हा सांगते, की सुरुवातीला चळवळ बायांनी डोक्यावर घेतली. आणि तिचं म्हणणं खोटं असतं तर नागपूरला जुलै १९४२ मध्ये वीस-पंचवीस हजार बाया परिषदेला कुठनं आल्या असत्या? सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. ठराव काय केले माहीत आहे? बाईला काडीमोडाचा हक्क पाहिजे. एकाला अनेक बायका ही चाल बंद झाली पाहिजे. मजूर बायांना भरपगारी रजा पाहिजे. १९४२ साली! अजून मागं जा. १८५५ साली पुण्यात जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची चौदा वर्षांची पोर, 'ज्ञानोदया'त मांगा-महारांच्या दुःखावर निबंध छापते. काळ्या बाईचा फोटो शोधायला मोबाईल लांब धरायची गरज न्हवती, एवढंच मला म्हणायचंय.

तरी शब्द दिलाय म्हणून अमेरिकेला जाऊ.

मिसिसिपी म्हणून राज्य आहे. कापसाचा मुलूख. तिथं १९१७ साली फॅनी लू हेमर जन्मली. वीस भावंडांत शेंडेफळ. सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला. ऊसतोडीला गेलेल्या घरांना हे समजावून सांगायला नको. मोठी झाली, लग्न झालं, नवरा-बायको दोघं एका गोऱ्या मालकाच्या मळ्यात राबायची. १९६१ मध्ये पोटाची गाठ काढायला दवाखान्यात गेली, तर तिला न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. काळ्या बायांचं असं करायची तिकडं रीतच होती.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये चर्चमध्ये सभा झाली. पोरं आली होती चळवळीची, तुमच्याएवढी. ती म्हणाली, काळ्या माणसाला मत द्यायचा हक्क आहे. हेमर तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. तिला हे माहीतच न्हवतं! कायदा होता, कागद होता, पण कागद तिच्यापर्यंत कुणी येऊच दिला न्हाई. ३१ ऑगस्टला अठराजण बस करून इंडियनोला गावी नाव नोंदवायला गेले. तिथं घटनेचं कलम समोर टाकून अर्थ सांगा म्हणून परीक्षा. नापास. परत येताना पोलिसांनी बस अडवून दंड ठोकला, कारण काय तर बसचा रंग फार पिवळा आहे. हसू नका, हे खरं आहे. आपल्याकडं नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवतात, त्यांना रंगाचं पण कारण लागत न्हाई.

घरी आली तर मालक दारात. अर्ज मागं घे, न्हाईतर मळा सोड. तिचं उत्तर असं होतं, की मी तुमच्यासाठी न्हवते गेले नोंदवायला, स्वतःसाठी गेले होते. त्याच रात्री अठरा वर्षांचं घर सुटलं. पुढं १९६३ च्या जूनमध्ये विनोना गावात बस थांब्यावरनं उचलून कोठडीत घातलं. पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हातात दांडका दिला आणि तिला मारायला लावलं. मार कुणाच्या हातनं खाल्ला बघा. मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीला मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात समितीपुढं बसून तिनं हे सगळं सांगितलं, टीव्हीवर. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना एवढा घोर लागला की त्यांनी मधेच पत्रकार परिषद घेऊन कॅमेरे आपल्याकडं वळवले. कापूस वेचणारी बाई बोलत होती म्हणून देशाचा राष्ट्राध्यक्ष धावला! चॅनेलवाल्यांनी मग तेच भाषण रात्री दाखवलं आणि जास्तच लोकांनी बघितलं. १९७७ साली ती गेली.

हे ऐकून टाळ्या आल्या. येणारच. ते दांडकं लांब मिसिसिपीत आहे. आता जवळचं सांगतो, तेव्हा टाळ्या वाजवायची घाई करू नका.

बेबीताईनं म्हातारपणी माया पंडितांना मुलाखत दिली. त्यात सांगितलं, की एकदा नवऱ्याबरोबर सभेला मुंबईला चालली होती. साध्या डब्यात काही पोरं तिच्याकडं बघायला लागली. झालं. नवऱ्याला संशय आला. त्यानं एवढं मारलं की नाकातनं रक्त वाहायला लागलं. सभेला निघालेली बाई! बाबासाहेबांच्या कामाला! आणि मारणारा पण बाबासाहेबांचाच माणूस. तिचं म्हणणं, हे काही माझ्या एकटीचं न्हाई, सगळ्याच बायांचं होतं. म्हणून स्वतःच्या नवऱ्याचा मार तिनं पुस्तकात घातला न्हाई. समाजाचं घातलं. पळून गेलेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा ठोकायचे ते घातलं, नाक कापायचे ते घातलं. बामण आम्हाला गुलाम करतो आणि आम्ही घरात बाईला गुलाम करतो, हे तिनं न भिता मांडलं. आणि शिकून-सवरून मोठ्या नोकऱ्या धरून वस्तीकडं पाठ फिरवलेल्यांना पण सोडलं न्हाई.

ती नुसती लिहून थांबली न्हाई. महिला मंडळ काढलं, फलटणजवळ निंबुरे गावात मागास आणि अनाथ पोरांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ च्या एप्रिलमध्ये गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवशी आमच्या वर्गात कुणी तिचं नाव काढलं न्हाई.

आता माझं सांगतो. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे, पण माझ्या तोंडनं ऐकलेलं न्हाई.

सहा वर्षांपूर्वी याच समाजमंदिरात १४ एप्रिलचा कार्यक्रम होता. मी कमिटीत. गोदीत लागायच्या आधीची गोष्ट. (गोदीत ही तारीख आणखी एका कारणानं पाळतात. १९४४ साली त्याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकाईन जहाज फुटलं, शेकड्यांनी माणसं मेली. असो.) माझी अक्का, थोरली बहीण, कमिटीकडं आली. म्हणाली, मला दहा मिनिटं बोलायचंय. काय बोलणार? तर म्हणाली, माणगावबद्दल. इथनं सायकलवर जाता येतं त्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद झाली, शाहू महाराजांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आंबेडकर हे तुमचे पुढारी. तिथं आपल्या आजीची आजी गेली होती, असं घरात सांगतात. ती कशी गेली, काय नेसून गेली, परत आल्यावर काय झालं, हे अक्कानं म्हाताऱ्यांना विचारून विचारून वहीत लिहिलं होतं. चांदीच्या कड्या जुळवता जुळवता. शंभर पानी वही.

आम्ही पोरांनी यादी केली. त्यात तिचं नाव होतं. मग डीजेवाल्यानं अर्धा तास जास्त मागितला. यादीतनं एक नाव काढायचं होतं. पेन माझ्या हातात होतं.

कुणी सांगितलं न्हाई, कुणी धमकावलं न्हाई. पाटलानं न्हाई, बामणानं न्हाई, मनुस्मृतीनं न्हाई. मी स्वतः रेघ मारली आणि वर म्हणालो, अक्का, तुला काय कळतंय माईकवर बोलायचं, पुढच्या वर्षी बघू. ती काही बोलली न्हाई. घरी गेली, आणि ती वही कुठं गेली ते मला त्यानंतर दिसलं न्हाई.

१९६३ साली वॉशिंग्टनला अडीच लाख लोकांचा मोर्चा झाला, मार्टिन ल्यूथर किंगचं ते गाजलेलं भाषण झालं. त्या दिवशीच्या मुख्य भाषणांत एकाही बाईचं भाषण न्हवतं. बायांनी कुरकुर केली तेव्हा डेझी बेट्स यांना घटकाभर बोलू दिलं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं, की चला, तिकडं पण असंच. आणि लगेच स्वतःची घाण वाटली. गोऱ्यांचं पाप दाखवून आपण आपलं झाकायचं न्हाई म्हणतो, मग काळ्यांचं दाखवून तरी कशाला झाकू?

मी 'जिणं आमुचं' गोदीत वाचलं, रातपाळीला, दिव्याखाली. लपवलेल्या वहीचं जिथं आलं तिथं मी पुस्तक मिटलं आणि सकाळपर्यंत उघडलं न्हाई. पोलादाची भेंडोळी उतरत होती, मुकादम ओरडत होता. मी फोन लावला घरी. पहाटे साडेपाचला. अक्कानं उचलला. मला बोलता येईना. ती म्हणाली, काय रं, अंगावर काही पडलं काय तुझ्या? म्हटलं, न्हाई. वही हाय का? तिला आधी कळेना कुठली वही. मग कळलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हाय. कणगीच्या मागं. भावजींना माहीत न्हाई.

भावजी इथंच बसलेत. आता माहीत झालं. भावजी, घरी गेल्यावर जे काय बोलायचं ते माझ्याशी बोला, मी उद्या संध्याकाळपर्यंत गावात आहे.

पोरांनो, ज्यानं विषय दिला त्याला माझं सांगणं, तुझा काळ्या बाईचा फोटो खाली घेऊ नकोस. भिंतीवर राहू दे. त्याच्या शेजारी बेबीताईचा लाव. आणि वर्गणीतनं 'जिणं आमुचं'च्या पाच प्रती आण. एक प्रत आणून कपाटात कुलपात ठेवायची आपली सवय आहे, म्हणून पाच म्हणतो. घुंगरू बसवायला बाया जिथं एकत्र बसतात तिथं एक राहू दे. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी हात चालू ठेवायचे.

मला दिलेला वेळ अर्धा तास होता. माझे वीस-बावीस मिनिटं झाली असतील. उरलेला वेळ मी मागून घेतलाय, कमिटीला सांगून, आणि यादीत मी स्वतःच्या हातानं नाव लिहिलंय. दुसऱ्या ओळीतली, निळ्या पातळातली. अक्का, ये वर. वही आणलीस न्हवं? चष्मा पण घे. चहावाल्याला कुणीतरी सांगा, जरा थांब म्हणावं. माईक थोडा खाली करा रे, तिची उंची कमी आहे.